पाणी न पिता परतलेला निरोप

आमच्या गल्लीत दार कोणी वाजवत नाही. ओळखीचा माणूस अंगणातूनच "भाऊ, हाय का घरी?" म्हणून हाक मारतो आणि उत्तराची वाट न पाहता चप्पल काढतो. त्यामुळे त्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली तेव्हाच मला ते बरं वाटलं नाही. मी रात्रीचा भात फोडणीला टाकला होता. आमचे हे, म्हणजे गुणवंतराव, अर्धा गाल साबणात घेऊन नळाला पाणी नाही म्हणून नगरपरिषदेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी गॅस बारीक केला आणि दार उघडलं.

दोघे होते. एक पन्नाशीचा, टाय लावलेला. आमच्या आरमोरीत टाय मी शाळेच्या पोरांच्याच गळ्यात पाहिलेला. दुसरा तरुण, बॅग छातीशी धरून खाली पाहणारा. मागे नागपूरची पांढरी गाडी अशी लावलेली की मागच्या घरच्या इनायतभाईंची हातगाडी परत गल्लीत शिरूच नये.

"शिरीन शेख यहीं से काम करती है?" टायवाल्यानं विचारलं.

"तुम्ही कोण?" मी मराठीतच विचारलं.

"कंपनीतून आलो आम्ही," तरुण म्हणाला. "मी अश्वजित. तिचा टीम लीडर."

हे नाव मी शिरीनच्या तोंडून रोज ऐकत होते. मला तो मोठा माणूस असेल असं वाटायचं. हा तर आमच्या धाकट्या पुतण्याएवढा.

"वो कमरा देखना है," टायवाला म्हणाला.

हे साबणासकट बाहेर आले. "कोणता कमरा? माह्या घरात तुमचा कमरा कुठून आला?"

तो कमरा आमच्या घरात कसा आला, ते आधी सांगते.

शिरीन ही इनायतभाईंची मुलगी. आमच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं घर. इनायतभाई गाद्या भरतात. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत त्यांच्या अंगणातून कापूस उडून आमच्या तुळशीवर बसतो. घर दोन खोल्यांचं. त्यातली एक कापसाची. शिरीन इथल्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, नागपूरला राहून एक कोर्स केला, आणि घरबसल्या काम मिळवलं. काम असं, की अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की त्याची हकिकत तोंडानं बोलून ठेवतात. पूर्वी ती ऐकून टाइप करावी लागे. आता यंत्रच टाइप करून देतं आणि शिरीननं ऐकत ऐकत ते तपासायचं. तिकडचा दिवस संपला की आपल्याकडे सकाळ, म्हणून तिचं काम सकाळचं.

कंपनीचा नियम होता की खोलीला दार हवं, दाराला कडी हवी, आत दुसरं कोणी नको. इनायतभाईंच्या घरात दार एकच, तेही अंगणाचं. म्हणून त्यांची बायको, आबिदाभाभी, माझ्याकडे आल्या. आमची समोरची खोली तशीही रिकामी होती. मी म्हटलं, बसू दे. ह्यांनी महिनाभर तोंड फुगवलं. मग शिरीननं ह्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं आणि जेवल्यावरच घ्यायला लावल्या. तेव्हापासून हे तिला "डॉक्टरीणबाई" म्हणू लागले. थट्टेनं, पण म्हणू लागले.

आता आबिदाभाभींविषयी. आमच्या मोहल्ल्यात निरोप पोचवायचा असेल तर तो त्यांच्याकडे देतात. आता घरोघरी मोबाईल आहेत हे खरं, पण कुरखेड्याच्या पुढे आत जंगलात गेलं की रेंज नाही, मोबाईल खिशातल्या आरशासारखा, तोंड पाहायच्या कामाचा. भाभींच्या सासूबाई वारल्या तेव्हा मोठ्या नणंदेला आतल्या गावात निरोप द्यायचा होता. तो एसटीच्या कंडक्टरला दिला, बाजारच्या माणसाला दिला आणि ओळखीच्या एका मास्तरांना दिला. तिघांनाही वाटलं, दुसरा सांगेल. नणंद आली तेव्हा माती देऊन झाली होती. ती दारात बसली आणि कोणाशी बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही.

तेव्हापासून भाभींनी आपला कायदा केला. निरोप घेऊन माणसानं स्वतः जायचं. गेल्याबरोबर बोलायचं नाही. आधी आपण कोण, कोणाची लेक, कोणाकडून आलो, ते सांगायचं. घरच्यांची तब्येत विचारायची. समोरचा सावध होऊन बसला की मग हळूच निरोप सांगायचा, आणि त्याच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचा. मग त्या घरचं पाणी प्यायचं आणि निघायचं. लहानपणी शिरीन निरोप देऊन परतली की भाभी दारातच विचारत, "पाणी पिलीस?" नाही म्हटलं की पोरगी उलट्या पावली परत. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. भर उन्हात, नाक पुसत चाललेली.

तर अशा घरातली ही मुलगी.

त्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. मी समोरच्या खोलीत मुंगवड्या वाळत घालायला गेले. नियमात बसत नाही हे मला माहीत होतं, पण ऊन तिथेच येतं. शिरीन कानाला यंत्र लावून बसली होती आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होती.

"काय झालं वं?"

"काकू, हा डॉक्टर काहीतरी खात खात बोलून राह्यला," ती म्हणाली. "आणि बुढीले मारून राह्यला."

तिनं मला नाव-गाव सांगितलं नाही. हकिकत सांगितली. एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर सुरुवातीलाच म्हणाला होता की या बाईला सल्फाचं औषध चालत नाही, मागे एकदा घेतलं तर घसा सुजला, श्वास बंद झाला, नळी घालून वाचवली. मग ऑपरेशनचं सगळं सांगितलं. आणि शेवटी, लघवीत जंतू आहेत म्हणून गोळ्या लिहून घरी पाठवतो आहे, म्हणाला. त्या गोळ्या सल्फाच्याच. यंत्रानं दोन्ही वाक्यं अगदी बिनचूक टाइप केली होती. काना-मात्रेची चूक नाही.

"मग त्यात लिही ना, चूक हाय म्हणून," मी म्हटलं.

"लिहिता येत नाई. जे ऐकलं तेच ठेवायचं. अर्थ लावायचा नाई."

एक शंकेची खूण असते म्हणे. पण ती फक्त शब्द ऐकू आला नाही तर लावायची. आधी ती कशालाही लावता येत असे. मग तिकडचे डॉक्टर चिडले की ही टाइप करणारी पोरं आम्हाला शिकवतात, आमचा वेळ खातात. हॉस्पिटलनं कंपनीला सांगितलं, शंका कमी करा. कंपनीनं शंका कमी केल्या. जी जास्त शंका काढेल तिचे गुण कापले जाऊ लागले. असं करून त्यांच्याकडचं काम स्वच्छ झालं.

शिरीननं तरी खूण लावली. कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसातून कोणीतरी ती पुसली. तिनं अश्वजितला स्पीकरवर फोन केला. मी मुंगवड्या घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"ऑडिओ क्लिअर आहे ना? मग शंका कशाची?" तो म्हणाला. "तिकडे औषधाच्या दुकानात कंप्युटर असतो, तो अडवेल. नर्स असते, ती पाहील. आपण डॉक्टर आहोत का, शिरीन?"

"डॉक्टर तर तो बी हाय ना सर, ज्यानं हे सांगतलं."

"फाइल पुढे पाठव."

तिनं फाइल पुढे पाठवली. मग बसून राहिली. मला वाटलं, झालं. मी स्वयंपाकघरात आले, तर ती मागोमाग.

"काकू, कंप्युटर पाहील म्हणते तो. नर्स पाहील म्हणते. नर्स म्हणत असंन डॉक्टरनं पायलं असंन. कंडक्टर, बाजारवाला, मास्तर." ती भिंतीला टेकली. "तुमच्या वाय-फायवरून बाहेरदेशी फोन लावू काय?"

मी लाव म्हटलं. तिकडचा कायदा मला ठाऊक नव्हता. आणि ठाऊक असता तरी मी लाव म्हटलं असतं.

रोग्याच्या माहितीत घरचा नंबर होता. इंटरनेटवरून फोन लावायचं एक ॲप तिनं उतरवून घेतलं. तिकडे रात्रीचे दहाएक वाजले असतील. एका पुरुषानं उचलला, म्हातारीचा मुलगा. आता, शिरीनच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानं पहिला शब्द "गोळी" म्हटला असता. पण ही आबिदाभाभींची लेक. माझ्यासमोर ती खुर्चीत ताठ बसली, डोक्यावर ओढणी घेतली, आणि इंग्रजीत सुरुवात केली. नमस्कार, माझं नाव शिरीन. मी भारतातून बोलते आहे. तुमच्या हॉस्पिटलसाठी काम करते. तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे?

पलीकडचा आवाज मला समजत नव्हता, पण चढत होता एवढं कळत होतं. भारतातून रोज फसवाफसवीचे फोन जातात त्या लोकांना. कोणी बँकेतून बोलतो, कोणी कंप्युटर दुरुस्तीवाला. हीसुद्धा त्यातलीच. वर हिला गुडघा माहीत! शिरीननं मला मागून सांगितलं, तो म्हणाला, आता काय विकतेस? माझ्या आईचं तुला कसं माहीत? शिरीननं घाईघाईनं गोळीचं नाव घेतलं, देऊ नका म्हटलं, हॉस्पिटलला विचारा म्हटलं. तेवढ्यात फोन बंद झाला होता. कोणत्या शब्दावर बंद झाला, ते तिलाही सांगता येईना. पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नंबरच बंद करून टाकलेला.

भाभी कसल्याशा कामानं मागच्या दारातून येत होत्या. पोरीचं तोंड पाहून त्यांनी काय ते ओळखलं असावं.

"पाणी पिलीस?" त्यांनी विचारलं.

"नाई, अम्मी."

त्यानंतर ती रोज कामाला बसायची, पण जेवण अर्धं टाकून उठायची. मला एकदा म्हणाली, "काकू, पहिले गोळी म्हणायले पायजे होतं. मी गुडघा विचारत बसली." एवढंच.

आणि आता हे दोघे दारात.

टायवाला खोलीत शिरला आणि मोबाईलनं फोटो काढू लागला. खिडकीचा फोटो. कडीचा फोटो. टेबलावरच्या कापडाचा फोटो.

"ये क्या है?"

"मुंगवड्या," मी म्हटलं. "खाता का?"

"पेशंटच्या गुप्त माहितीच्या खोलीत?" तो आता मराठीवर आला. चांगलं मराठी येत होतं त्याला. "मॅडम, हे किती गंभीर आहे, तुम्हाला कल्पना आहे?"

"मुंगवड्या वाचत नाहीत हो काही."

हे माझ्यावरच ओरडले, "तू गप राय! माहा पत्ता, माहं वाय-फाय. उद्या पोलीस मलेच धरून नेतील." त्यांची अर्धी दाढी तशीच वाळून गेली होती.

शिरीनला बोलावणं गेलं. ती आली, मागे आबिदाभाभी, त्यांच्या हातात तांब्या आणि दोन पेले. दारात तोवर समोरच्या अंजनाबाई येऊन उभ्या. त्यांच्या पोराला या कामात घ्यायला कंपनीनं नकार दिला होता, त्याला काही वर्षं झाली असतील, पण त्यांच्यासाठी ते कालचंच.

"काऊन वं शिरीन, सायबर पोलीस आले काय?" त्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "मी म्हणतच होती, घरात बसून डॉलर कुठून येते!"

"डॉलर नाई बाई, रुपयेच येते," शिरीन म्हणाली. "आणि आता ते बी नाई येणार."

टायवाल्यानं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. त्या माणसानं हॉस्पिटलकडे तक्रार केली. हॉस्पिटलनं वकिलाला सांगितलं, वकिलानं कंपनीला. रोग्याची खासगी माहिती भारतातल्या एका खोलीतून बाहेर गेली. त्या देशात हा गुन्हा आहे. कंत्राट जाईल. "तीनशे मुलामुलींचं पोट तुझ्यामुळे मारलं जाईल. समजतं का? कुणी सांगितला होता शहाणपणा?"

"तक्रारीत काय लिहिलंय सर?" शिरीननं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"तो हॉस्पिटलशी बोलला म्हणजे गोळीचं बोलला असंन ना? मी काऊन फोन केलता, ते?"

अश्वजितनं बॅगेकडे पाहिलं. "तक्रारीत एवढंच आहे," तो हळू म्हणाला, "भारतीय उच्चारांच्या एका अनोळखी बाईला आईच्या ऑपरेशनची माहिती होती. बाकी काही नाही."

"गोळी नाई?"

"नाही."

"मग तुम्ही सांगतलं असंन हॉस्पिटलला. मी खूण लावली होती. तुमाले फोन केला होता."

"अश्वजित, बस," टायवाला म्हणाला. मग शिरीनकडे वळला. "वकिलांचा स्पष्ट आदेश आहे. त्या औषधाबद्दल कोणी एक अक्षर बोलायचं नाही. आपण बोललो तर अर्थ असा होतो, की आपल्याला माहीत होतं. हॉस्पिटल बोललं तर अर्थ असा होतो, की त्यांची चूक होती. म्हणून विषय फक्त फोनचा. कळलं?"

मला कळलं. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात ते लावून पाहिलं. एका म्हातारीला विष लिहून दिलं जातं. तिचा डॉक्टर ते विसरला आहे, त्याला आठवण करून द्यायला मनाई आहे. इथल्या पोरीनं ते पाहिलं, तिला सांगायला मनाई आहे. तिनं सांगितलं, तर तो गुन्हा आहे. आणि गुन्ह्याचा तपास करताना विषाचं नाव काढायचं नाही. जगातलं सगळ्यात महाग औषधपाणी म्हणतात त्या देशातलं! आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात सासूबाईंना भरती केलं होतं तेव्हा तिथली सिस्टर खेकसून विचारायची, "कोणतं औषध चालत नाही? बोला, मागून रडू नका." तिच्या खेकसण्याचा मला तेव्हा राग आला होता.

"तुमच्या आईले अशी गोळी दिली असती तर?" मी टायवाल्याला विचारलं.

"माझ्या आईचा इथे संबंध नाही."

"तेच तर म्हणून राह्यली मी. कोणाच्याच आईचा नाई."

भाभींनी पेले पुढे केले. "पाणी घ्या."

टायवाल्यानं हातानंच नको म्हटलं. अश्वजितनं हात पुढे केला होता, साहेबाकडे पाहिलं आणि मागे घेतला. भाभी पेले तसेच धरून उभ्या राहिल्या. पुन्हा विचारलं नाही.

मग कागद निघाला. त्यात लिहिलं होतं: शिरीननं नियम तोडून, स्वतःच्या इच्छेनं, कंपनीला न सांगता फोन केला. कंपनीचा त्यात दोष नाही. सही केली तर पोलिसात जाणार नाही, नाही केली तर आजच नागपूरला तक्रार. लॅपटॉप परत घ्यायचा. यापुढे अशा कामात कुठेही तिला घेतलं जाणार नाही याची काळजी कंपनी घेईल, असं तो म्हणाला. काळजी हाच शब्द वापरला त्यानं.

"कंपनीला न सांगता, हे खोटं हाय," हे अचानक म्हणाले. मी वळून पाहिलं. अर्धा गाल पांढरा, तरी आवाज कचेरीत साक्ष द्यावी तसा. "पोरीनं या लेकराले फोन केलता. माही बायको ऐकत होती."

"तुम्हाला पोलीस हवेत का घरात?" टायवाल्यानं विचारलं.

हे गालावरचा वाळका साबण खरवडू लागले. मला राग आला, पण त्यांचं तोंड पाहून तो गेला. घाबरलेल्या माणसानं एक वाक्य बोलणं, हेही काही कमी नाही.

अंजनाबाईंनी दारातून तोंड घातलं. "इनायतभाईले बोलवा. पोरीची जात, सही कशी करंन एकटी?"

"अब्बा गाद्या द्यायले गेले," शिरीन म्हणाली. "आणि सही मी करते. बोट माहंच होतं नंबर लावाले."

तिनं कागद घेतला आणि मुंगवड्यांचं कापड अलगद बाजूला सरकवलं. पेन मागितलं. अश्वजितनं आपलं दिलं. सही करायला वाकली आणि थांबली.

"आता काय?" टायवाला म्हणाला.

"कंपनीले न सांगता, हे लिहिलंय ते राहू द्या सर. करते सही. लॅपटॉप घेऊन जा. या महिन्याच्या कामाचं काही मागत नाई. दुसरीकडे काम नाई मिळालं तरी चालते, अब्बासंगं गाद्या भरीन."

"मग?"

शिरीननं डोक्यावरची ओढणी नीट केली. या वेळी तिनं आपण कोण, कोणाची लेक, काहीच सांगितलं नाही. कोणाची तब्येत विचारली नाही. सरळ म्हणाली,

"त्या बुढीनं ती गोळी घेतली का नाई, येवढं कोणाले तरी विचारा, आणि मले सांगा."